शाळा सुटल्यानंतरचे तास

संस्थेच्या स्मरणिकेत निकालांचा, इमारतींचा, देणगीदारांचा आणि गुरुजनांचा गौरवपूर्वक उल्लेख व्हावा हे उचितच आहे. प्रस्तुत लेखात मात्र अशा एका गोष्टीविषयी लिहावयाचे आहे, जिची नोंद कोणत्याही निकालपत्रकात होत नाही. ती गोष्ट म्हणजे शाळा सुटल्यानंतरचा वेळ.

निवासी शाळेत शिकलेल्या कोणाही माजी विद्यार्थ्याला विचारावे, की बाबा रे, या शाळेने तुला काय दिले? त्याच्या उत्तरात गणिताचा तास क्वचितच येतो. मैदानावरचा संध्याकाळचा खेळ येतो, हातपाय धुऊन एकत्र म्हटलेली वंदना येते, जेवणाची पंगत येते, दिवे लागल्यानंतरचा सक्तीचा अभ्यास येतो आणि ताप आल्यावर रात्री उठून पाहून जाणारे गृहपाल येतात. फळा, खडू आणि पुस्तक हे तर कोणत्याही शाळेत असते. या शाळेचे वैशिष्ट्य असे, की शेवटची घंटा झाल्यानंतरही मुलावर कोणाचे तरी लक्ष होते. आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य त्या लक्षाने घडले आहे. म्हणूनच ज्यांच्या वाट्याला ते येत नाही, त्या मुलांविषयी बोलण्याचा अधिकार आणि जबाबदारी आपणावर इतरांपेक्षा थोडी अधिक आहे, असे मला वाटते.

ही मुले दूर कोठे नाहीत. शीवपासून निघणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग दादर, परळ, लालबाग ओलांडून भायखळ्याच्या दिशेने जातो. या मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा आहेत. यांतील पुष्कळ इमारतींत शाळा दोन सत्रांत भरते. सकाळच्या सत्रातील मूल दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास मोकळे होते. त्याची आई त्या वेळी माटुंग्यात किंवा दादरला कोणाच्या घरी भांडी घासत असते, रुग्णालयाच्या कक्षात सफाई करीत असते, किंवा एखाद्या दुकानात उभी असते. ती घरी येते संध्याकाळी सहा-सातला. दुपारच्या सत्रातील मुलाची कथा उलटी आहे. आई सकाळी सातला निघते आणि शाळेची वेळ होईपर्यंत ते एकटेच असते. स्वतःच जेवून, स्वतःच गणवेश घालून, धाकट्याचा हात धरून वर्दळीचा रस्ता ओलांडून त्याला शाळेत जावे लागते. अर्थात आपण 'शाळेनंतर' म्हणत असलो, तरी या शहरात तो प्रश्न 'शाळेपूर्वी'चाही आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता काय? होता, पण तो चाळीने आपल्या अंगावर घेतला होता. गिरणगावातील चाळीत दरवाजे दिवसभर उघडे असत आणि सामाईक गॅलरी ही सर्वांच्या मुलांची ओसरी होती. आईची पाळी असेल तर शेजारची आजी पोराला भाकरी वाढी. ती व्यवस्था कोणी कागदावर लिहिलेली नव्हती, आणि तिचे गोडवे गाताना त्या आजीच्या कष्टांना मोबदला नव्हता हेही विसरू नये. पण व्यवस्था होती. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, घरोघरच्या स्त्रियांना मिळेल ते काम धरावे लागले आणि पुढे चाळींच्या जागी उंच पुनर्वसन इमारती आल्या. तेथे घराला स्वतःचे स्वच्छतागृह आले, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र दार बंद झाले. चौदाव्या मजल्यावरच्या बंद दारामागे आठ वर्षांचे मूल पाच तास काय करते, हे शेजाऱ्यालाही कळत नाही.

या मुलांसाठी कायदा काय म्हणतो, ते पाहण्यासारखे आहे. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार २०२५ पर्यंत तीसपेक्षा अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात पाळणाघर असावे लागत असे; ते सहा वर्षांखालील मुलांसाठी. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातही पन्नासहून अधिक स्त्री-कामगार असल्यास पाळणाघराची तरतूद होती. तीही सहा वर्षांखालील मुलांसाठी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि आपल्या शेजारची धारावी तिच्या आरंभीच्या प्रकल्पांपैकी एक होती. त्या योजनेतील अंगणवाडीही सहाव्या वर्षी संपते. सहा वर्षे पूर्ण झाली, की पाळणा उचलला जातो आणि मूल शिक्षणहक्काच्या कायद्याच्या हाती सोपविले जाते. तो २००९ चा कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे सांगतो; म्हणजे दिवसाला चार तास. सात वर्षांचे मूल दिवसातून साधारण चौदा तास जागे असते असे धरले, तर वर्षाचे पाच हजारांहून अधिक तास होतात. त्यांपैकी आठशे तासांची हमी राष्ट्राने घेतली आहे. उरलेल्या तासांविषयी आपला कायदा जवळजवळ मौन बाळगतो.

'जवळजवळ' हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे. कारण एका ठिकाणी कायदा शाळेनंतरच्या वेळेचा स्पष्ट उल्लेख करतो. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली. पण त्याच कलमात, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मुलाने शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत मदत करण्यास मुभा ठेवली. ज्या वस्तीत घरोघरी पापड लाटणे, मणी ओवणे, धागे कापणे चालते, तेथे या मुभेचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको. मुलाच्या मोकळ्या वेळेची दखल घेताना कायद्याला काम आठवले. खेळ, विश्रांती आणि अभ्यास आठवला नाही.

ही पोकळी आज कोण भरून काढते? पहिली भरते ती थोरली बहीण. पाचवी-सहावीतील मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, भात लावते, पाणी भरते. तिची शाळेतील गैरहजेरी हळूहळू वाढते आणि आपण तिला 'अभ्यासात रस नाही' असे म्हणून मोकळे होतो. दुसरा भरतो तो खासगी क्लास. गल्लीतील एका खोलीत वीस-पंचवीस मुले दाटीने बसलेली दिसतात. घरकाम करणारी आई महिन्याकाठी त्यासाठी पैसे मोजते, तेव्हा ती शिकवणीपेक्षाही मुलाच्या राखणीचे पैसे मोजत असते. दोन तास पोर कोणाच्या तरी नजरेखाली आहे, एवढेच समाधान ती विकत घेते. याचा अर्थ, गरज नाही असे नव्हे आणि पैसे मोजण्याची तयारी नाही असेही नव्हे. गरज आहे, ती पोटाला चिमटा काढून भागविली जात आहे, आणि तिला नाव मात्र शिकवणीचे आहे.

आणि तिसरी व्यवस्था म्हणजे आपण. हे थोडे अवघड वाटेल, तरी स्मरणिकेतच ते लिहिले पाहिजे. निवासी शाळेत मूल का ठेवावे, याची अनेक सबळ कारणे आहेत. गावी शाळा नसते, आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, घरात आधार उरलेला नसतो. अशा मुलांसाठी वसतिगृह हे घर आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केले, ते याच जाणिवेतून. पण ज्या आईचे घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे, जी रात्री मुलाला कुशीत घेऊन झोपू शकते, तिने केवळ दुपारी एक ते सात मुलाला पाहणारे कोणी नाही म्हणून सात वर्षांचे लेकरू शंभर कोसांवर पाठवावे, ही गोष्ट वसतिगृहाचे यश म्हणून मिरविण्याजोगी नाही. सहा तासांच्या उणिवेपोटी चोवीस तासांची ताटातूट घडते. ज्या मुलाला आपली खरोखर गरज आहे, त्याची जागाही त्यामुळे अडते.

शाळेनंतरच्या तासांचे मोल आपल्या समाजाला नव्याने पटवून द्यावे लागू नये. विद्यार्थी भीमराव परळच्या चाळीतील एका खोलीत वाढत होते. सुभेदार रामजी पहाटे दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत. कारण त्या खोलीत शांतता मिळण्याची तीच वेळ होती. शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तेथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या नजरेस तो पडला. गुरुजींनी चौकशी केली, पुस्तके दिली, वाचनाला दिशा दिली. १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्कार झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे उच्च शिक्षणासाठी बडोद्याचे साहाय्य मिळण्यातही त्यांचा पुढाकार होता. हा सर्व संबंध शाळेच्या वर्गात जुळला नाही. शाळा सुटल्यानंतर एका बाकावर जुळला.

आपण ही कथा अनेकदा सांगतो आणि बुद्धिमत्तेच्या तेजाचे उदाहरण म्हणून सांगतो. तिच्यातला दुसरा धडा मात्र दुर्लक्षित राहतो. बागेत बसण्याची जागा होती, आणि त्या जागी लक्ष देणारे एक प्रौढ मनुष्य होते. केळूसकर भेटले हा योगायोग होता. एका मुलाच्या बाबतीत योगायोग पुरतो. शहरातील सगळ्या मुलांचे भवितव्य त्यावर टाकता येत नाही. बाबासाहेबांनी स्वतः ते ओळखले होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहाबरोबरच मुंबईत मोफत वाचनालय आणि तरुणांसाठी हॉकीचा संघही चालविला. वाचनालय आणि खेळ यांना सभेने शिक्षणाच्या कार्यात स्थान दिले, कारण रिकामा वेळ कोणीतरी भरणारच असतो. तो आपण भरला नाही, तर जुगाराचा अड्डा आणि दारूचा गुत्ता भरतो. आज त्या यादीत मोबाइलची भर पडली आहे एवढेच. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक 'अभ्यास गल्ली' म्हणतात. घरात जागा नसलेल्या मुलांच्या पिढ्या त्या रस्त्याच्या दिव्याखाली शिकल्या. त्यांच्या जिद्दीला नमस्कारच केला पाहिजे. पण सात वर्षांच्या मुलाला आपण रस्त्यावरचा दिवा दाखवू शकत नाही.

महाराष्ट्राला या कामाचा अनुभव नाही असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. त्यांनी मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागी सुरू केलेली 'मोबाइल क्रेश' ही चळवळ १९७२ मध्ये मुंबईत आली. तिने तान्ह्या मुलांबरोबर त्यांच्या शाळकरी भावंडांनाही सामावून घेतले. १९९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आकांक्षा संस्थेचे पहिले स्वरूपही शाळेबाहेरच्या वेळेतील केंद्रांचेच होते. वाट दाखविणारे होऊन गेले. तिचा राजरस्ता करणे मात्र शासनाचे काम होते, ते राहिले.

अन्य देशांनी ते केले आहे. जपानमध्ये गळ्यात घराची किल्ली अडकवून फिरणाऱ्या मुलांसाठी वेगळा शब्दच रूढ झाला होता; तेथे १९९७ मध्ये बालकल्याण कायद्यात दुरुस्ती करून शाळेनंतरच्या केंद्रांना कायद्याचे अधिष्ठान दिले गेले. जर्मनीने २०२१ मध्ये कायदा करून प्राथमिक शाळेतील मुलाला, शाळेचा वेळ धरून, आठवड्यातील पाच दिवस रोज आठ तासांच्या सांभाळाचा हक्क दिला. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या वर्गाने आरंभ करून तो वर्षागणिक पुढील इयत्तांना लागू होतो. दक्षिण कोरियाने २०२४ मध्ये पहिलीच्या मुलांपासून अशीच सुरुवात केली. हे देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत हे खरे. पण त्यांच्या अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट पैशाची नाही. सर्वांत लहान वर्गापासून आरंभ करावा आणि दर वर्षी एक इयत्ता वाढवावी, ही रीत आपल्यालाही परवडणारी आहे.

आपल्याकडे शाळेच्या वेळेवर चर्चा झाली, ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने घेतला. झोपेचा विचार झाला हे चांगलेच झाले. पण शाळा कधी भरावी यावर एवढे बोलणाऱ्या महाराष्ट्रात, ती सुटल्यावर मूल कोठे जाते, हा प्रश्न कोणी पुढे आणला नाही.

आता अडचणींचा विचार करू. कारण महापालिकेचे अधिकारी त्याच प्रथम सांगतील. पहिली अडचण जागेची. दोन सत्रांच्या इमारतीत सकाळचे मूल बाहेर पडते, तोच दुपारचे आत येते. ही अडचण खरी आहे. तथापि मराठी माध्यमाच्या शाळांतील पटसंख्या घटत गेल्याने अनेक इमारतींत खोल्या मोकळ्या पडल्या आहेत. जेथे त्या नाहीत, तेथे जवळचे समाजमंदिर, पालिकेचे समाजकल्याण केंद्र, व्यायामशाळा आणि आपली विहारे आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेच्या वेळेव्यतिरिक्त शाळांच्या वास्तू समाजासाठी 'सामाजिक चेतना केंद्र' म्हणून वापरण्याची शिफारस आहे. धोरणाची अनुमती आहे. मागणी करणारे कोणी नाही.

दुसरी अडचण मनुष्यबळाची. हे काम शिक्षकांच्या माथी मारता कामा नये; त्यांच्यावर निवडणूक, सर्वेक्षण आणि नोंदींचा भार आधीच आहे. वस्तीतीलच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन या कामावर नेमावे. पण त्यांना 'मानधना'च्या नावाखाली राबवू नये. अंगणवाडी सेविकांनी वर्षानुवर्षे रस्त्यावर येऊन जे मागितले, ते या नव्या सेविकांना पुन्हा मागावे लागू नये. एका गरीब आईची सोय दुसऱ्या गरीब आईच्या अल्प मजुरीवर उभारणे हे न्यायाचे नाही.

तिसरी अडचण पैशाची. महापालिकेचा शिक्षण विभागाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प साडेतीन हजार कोटींहून मोठा आहे. याच महापालिकेने आपल्या विद्यार्थ्यांना दप्तरापासून बुटांपर्यंत २७ शालोपयोगी वस्तू मोफत देण्याची प्रथा पाळली आहे. ज्या मुलाला छत्री दिली, त्याला दुपारी पाऊस आला तर थांबायला जागाही द्यावी, असे म्हणणे अवास्तव नव्हे.

चौथी आणि सर्वांत गंभीर अडचण सुरक्षिततेची. तेथे कोणतीही सवलत असू नये. मूल कोणाच्या हाती सोपविले याची रोज नोंद, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, कोणत्याही वेळी पालकाला आत येऊन पाहण्याची मुभा, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रत्येक सेविकेला असणे, या किमान अटी होत. पण सुरक्षिततेची भीती दाखवून व्यवस्थाच नाकारणाऱ्यांनी, आज ते मूल कोठे आहे याचे उत्तर आधी द्यावे.

काही जण म्हणतील, की आईने घरी राहावे. हा सल्ला देणाऱ्यांच्या घरची भांडी कोण घासते, एवढेच त्यांना नम्रपणे विचारावे.

या केंद्रात काय असावे? दुसरी शाळा नको. मूल आले, की त्याला खाऊ मिळावा. ज्याला झोप आली, त्याने झोपावे. मग खेळ, आणि शेवटी तासभर गृहपाठ. आपल्या वसतिगृहातील संध्याकाळ ज्याला आठवते, त्याला हा आराखडा कोणी शिकवावयास नको. म्हणूनच या कामात आपल्या संस्थेला आणि माजी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुलांच्या झुंडीला शांत कसे करावे, रडणाऱ्याला कसे रमवावे, मोठ्या मुलाकडून लहानाची काळजी कशी घ्यावी आणि त्यावर ओझे मात्र कसे होऊ देऊ नये, हे ज्ञान आपल्या गृहपालांकडे आणि स्वयंपाकघरातील मावशींकडे आहे. ते चार भिंतींत का राहावे?

मागणीचा मार्ग कायद्यात आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार याच समितीला आहे. शीव, प्रतीक्षा नगर, वडाळा, धारावी येथील ज्या पालकांची मुले पालिका शाळांत आहेत, त्यांनी पुढील बैठकीत एकच ठराव मांडावा: आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांसाठी, आई कामावरून परत येईपर्यंत, सांभाळाची सोय व्हावी. माजी विद्यार्थ्यांनी तो ठराव लिहून द्यावा, विभाग कार्यालयात आणि नगरसेवकांपर्यंत पोहोचवावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. विहारांच्या विश्वस्तांनी आपले सभागृह दुपारी उघडे ठेवण्याचा निर्णय घ्यावा. बहुतेक विहारे दुपारी बंदच असतात. तेथील पंखा, पाण्याचा माठ आणि सतरंजी यांचा त्याहून मंगल उपयोग सुचत नाही.

एका शाळेत, एका इयत्तेपासून आरंभ झाला तरी पुरे. पुढच्या स्मरणिकेत प्रवेशासाठी आलेल्या अर्जांची संख्या वाढल्याची नोंद होईल, तेव्हा आपण आनंद मानूच. पण शीवमधील एखादी आई येऊन सांगेल, की माझ्या मुलाला आता तुमच्याकडे ठेवण्याची गरज उरली नाही, ते शाळेच्याच आवारात संध्याकाळपर्यंत खेळते आणि रात्री माझ्याजवळ झोपते, तर त्या न आलेल्या अर्जाचीही नोंद आपण तितक्याच अभिमानाने करावी.